मदत हवी आहे: इटालियन वाईन पुण्याला आणायचीय, पण बाटलीवरचं नाव द्राक्षाचं की गावाचं हेच कळत नाही

पडवीतला

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त आठ महिन्यांपासून तोरिनोत आहे. नोव्हेंबरअखेर धाकट्या भावाचा साखरपुडा आहे, त्यासाठी मी आणि बायको पुण्याला येतोय. "इटलीत राहतोस आणि हात हलवत येणार होय?" असा दम भावाने आधीच भरलाय. समारंभात अर्थातच काही नाही, पण नंतर गच्चीवर आठ-दहा जण बसू. त्यात बाबाही (आई झोपल्यावर). इथे येईपर्यंत माझ्या लेखी वाईनचे तीनच प्रकार होते: लाल, पांढरी आणि नाशिकची. म्हणून हा धागा.

आधी माझे पराक्रम सांगतो, म्हणजे पाणी किती खोल आहे ते कळेल.

पहिला बारोलो. ऑफिसात सगळे हे नाव देवाचं घ्यावं तसं घेतात. ३८ युरो मोजून चार वर्षांपूर्वीची बाटली आणली. घरी मिसळ केली होती, तिच्यासोबतच उघडली. ग्लासात ओतली तर रंग इतका फिका की पलीकडची बोटं दिसतायत. घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या. कच्च्या सुपारीचं खांड दाढेत धरल्यासारखं. वर मिसळीचा जाळ दुप्पट झाला तो वेगळाच. बायको म्हणाली, उरलेली कटात घालू का?

दुसरा पराक्रम. एका सहकाऱ्याकडे 'व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो' प्यायलो होतो, फार आवडली होती. दुकानात जाऊन 'मोंतेपुल्चानो' मागितली तर सहा युरोत मिळाली. मनात म्हटलं, सहकारी उगाच भाव खात होता. घरी उघडली तर काळीकुट्ट, दाट, मऊ. वाईट मुळीच नव्हती, पण ती ही नव्हेच. बाटलीवर होतं 'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो'.

तर नावात द्राक्ष कुठलं आणि गाव कुठलं हे ओळखायचं कसं? आपल्या जेवणाशी कुठली वाईन भांडत नाही? आणि दोघांचे मिळून चार लिटर, म्हणजे पाच बाटल्या बसतील, त्या कुठल्या आणाव्यात? बजेट बाटलीमागे १५-२० युरो, एखादी ४० पर्यंत. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

---

तुरट_गोड

तुम्हाला कुणी फसवलं नाही, तुम्हीच घाई केलीत.

बारोलो हे गाव आहे, तोरिनोच्या दक्षिणेला लांगेच्या टेकड्यांत. द्राक्षाचं नाव नेब्बियोलो, आणि बारोलोत शंभर टक्के तेच घालायचं असा नियम आहे. 'नेब्बिया' म्हणजे धुकं. ही जात इतकी उशिरा पिकते की तोडणी ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुकं उतरायला लागल्यावर होते. रंग मुळातच फिका. पण त्या रंगावर जाऊ नका, कारण आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही भरपूर. हा तुरटपणा सालीतल्या टॅनिनचा. चहा जास्त उकळला की जीभ खरखरीत होते ना, तोच प्रकार. नियमाने बारोलो ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले किमान १८ महिने लाकडी पिंपात, आणि एवढं करूनही चार वर्षांची बारोलो म्हणजे पोरच. अजून पाच-सहा वर्षं ठेवली असतीत तर वाळलेला गुलाब, डांबर, ओली पानं असा वास आला असता. डांबर वाचून नाक मुरडू नका, पहिल्या पावसातला रस्ता आठवा.

तुमच्या बजेटात 'लांगे नेब्बियोलो' किंवा 'नेब्बियोलो दाल्बा' घ्या. तेच द्राक्ष, त्याच मुलखातलं, पण लवकर पिण्यासाठी केलेलं.

आता नावांचं. एक ढोबळ युक्ती सांगतो. नावात मध्ये 'दी', 'दे' किंवा पुढच्या शब्दाला चिकटलेला 'द' दिसला, तर बहुतेक वेळा त्याच्या आधी द्राक्ष आणि नंतर मुलूख. बार्बेरा दास्ती: बार्बेरा द्राक्ष, अस्ती गाव. आल्यानिको देल व्हुल्तुरे: आल्यानिको द्राक्ष, व्हुल्तुरे हा बाझिलिकातातला विझलेला ज्वालामुखी. व्हर्मेंतिनो दी गाल्लुरा: सार्दिनियातला गाल्लुरा. आणि नुसतं एकच नाव असेल, बारोलो, बार्बारेस्को, सोआव्हे, कियांती, ताउराझी, तर ते जागेचं.

तुमचा मोंतेपुल्चानो या युक्तीत बरोब्बर अडकतो. आब्रुत्सोतल्या बाटलीवर मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे, एद्रियाटिकच्या बाजूचं, गडद रंगाचं. तुमच्या सहकाऱ्याच्या बाटलीवर मोंतेपुल्चानो हे तोस्काना (टस्कनी) प्रांतातलं गाव, आणि तिथलं मुख्य द्राक्ष सांजोव्हेझे. दोघांत नाव सोडून काहीच सामाईक नाही. आपल्याकडे एका आडनावाची दोन घराणी असतात तसं.

युक्तीला अपवादही आहेत. 'ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो' वाचून ब्रुनेल्लो ही वेगळी जात वाटते, पण ते सांजोव्हेझेचंच तिथलं घरगुती नाव. पूर्वी लोकही तिला वेगळीच जात समजत.

बाटलीच्या मानेवर कागदी पट्टी आणि 'डीओसीजी' ही अक्षरं दिसतील. त्याने माल कुठला आणि कुठल्या नियमाने केला एवढं कळतं. १९६३च्या कायद्यातून ही वर्गवारी आली, आणि बारोलो, बार्बारेस्को, ब्रुनेल्लो यांना हा वरचा दर्जा १९८०मध्ये मिळाला. पण पट्टी असली म्हणजे तुम्हाला आवडेलच असं नाही, हे तुम्ही ३८ युरो देऊन शिकलाच आहात.

---

बूच_गेलं_आत

मिसळीबरोबर बारोलो! तोरिनोच्या लोकांना सांगू नका, व्हिसा रद्द करतील.

---

व्हेरोनाची_वहिनी

मी माहेरची तासगावची, आता व्हेरोनाजवळ. त्यामुळे आमारोने या इथल्या लाल वाईनबद्दल बोलल्याशिवाय राहवणार नाही.

पहिल्यांदा इथल्या एका वाईनरीत माडीवर नेलं तेव्हा मला हसूच आलं. लांबच लांब खोल्या, खिडक्या उघड्या, फळ्यांवर आणि क्रेटमध्ये द्राक्षांचे घड एकेरी थरात पसरलेले, आणि सगळीकडे तो वास. म्हटलं, अरे, हे तर आमचं बेदाण्याचं शेड! फरक एवढाच की आपल्याकडे द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीवर टाकतात आणि पंधरवड्यात बेदाणा तयार. इथे काही न लावता नुसत्या वाऱ्यावर तीन-चार महिने सुकवतात. पूर्ण बेदाणा होऊ देत नाहीत. वजन साधारण एक तृतीयांश घटलं की हिवाळ्यात चिरडून आंबवतात. मुख्य द्राक्ष कोर्व्हिना, सोबत कोर्व्हिनोने आणि रोंदिनेल्ला. पाणी गेल्यामुळे साखर वाढते, त्यामुळे अल्कोहोलही चढतं. १४ टक्क्यांच्या खाली नाहीच, १५-१६ सर्रास. चवीला सुकी चेरी, काळ्या मनुका, थोडं चॉकलेट. नावाचा अर्थ 'कडसर', कारण तिची थोरली बहीण रेचोतो ही गोड. रेचोतो पिंपात जास्त आंबली, साखर संपली की आमारोने.

पुण्यात गच्चीवर दहा जणांत आमारोने मात्र नको. भारी पडते, आणि चांगली ४० युरोच्या आत मिळणं कठीण. त्याऐवजी 'रिपास्सो' घ्या. आमारोने काढून उरलेल्या चोथ्यावर साधी व्हाल्पोलिचेल्ला (इथली नेहमीची लाल वाईन) परत आंबवतात. पहिल्या चहाच्या पत्तीत दुसरा चहा म्हणा, पण बेचव नाही हं! १५-२० युरोत छान मिळते.

आणि प्रोसेक्को विसरू नका. बूच उडवल्याशिवाय साखरपुडा कसला? द्राक्षाचं नाव ग्लेरा. पूर्वी द्राक्षालाच प्रोसेक्को म्हणायचे, पण मग जगात कुणीही ते लावून तेच नाव बाटलीवर छापलं असतं. म्हणून २००९मध्ये द्राक्षाचं नाव बदललं आणि प्रोसेक्को हे नाव मुलखासाठी राखून ठेवलं. लेबलवर 'कोनेल्यानो व्हाल्दोब्बियादेने' असेल ती घ्या, ती डोंगरउतारावरची. आणि 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून फसू नका, ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते. असं का, ते विचारू नका, मी विचारून थकले.

---

ऑक्टोबर_छाटणी

नाशिकहून. घरची बाग आहे, वाईनची नाही, खायच्या द्राक्षांची, त्यामुळे माझा मुद्दा जरा वेगळा.

कियांती क्लासिको आणाच. काळ्या कोंबड्याचं चित्र असतं ती. फिरेंझे (फ्लॉरेन्स) आणि सिएना यांच्या मधला मुलूख. १७१६मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमो द मेदिचीने फर्मान काढून कियांतीच्या हद्दी ठरवल्या होत्या. सांजोव्हेझे किमान ८० टक्के. आंबट चेरी, थोडा कोरड्या पाल्याचा वास, आणि आंबटपणा खणखणीत. टोमॅटोच्या रश्शाला चालते ती याच आंबटपणामुळे.

मग पुण्यात उतरलात की फ्रातेल्लीची सांजोव्हेझे घ्या. सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला होते. 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू तिच्या संस्थापकांपैकी. दोन्ही बाटल्या शेजारी ओता. द्राक्ष एकच, पण तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे थंडी एवढी नाही की वेल झोपेल, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि माल येतो जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढताना. छाटणी दोनदा, पीक एकदा. चवीतला फरक कळायला जाणकार असायची गरज नाही, बाबांनाही कळेल.

जेवणाचं सांगायचं तर तिखटासमोर तुरट आणि कडक अल्कोहोलची वाईन नको, दोन्हीने जाळ वाढतो. मटण असेल तर बार्बेरा: आंबट, पण टॅनिन अगदी कमी, तेलाचा तवंग कापते. तळलेली सुरमई, कोलंबी यांना व्हर्मेंतिनो. झणझणीतच काही असेल तर लाम्ब्रुस्को. मोदेनाकडची लाल, फेसाळ, थंड प्यायची. लोक तिला हसतात, हसू देत. भजी आणि लाम्ब्रुस्को एकदा करून बघा.

---

पडवीतला

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. @ऑक्टोबर_छाटणी, दोन बाटल्या शेजारी ओतायची कल्पना भावाला सांगितली, तो आत्ताच नाचतोय. @व्हेरोनाची_वहिनी, तासगावचं वाचून बायकोला भरून आलं, ती मिरजेची.

दक्षिणेबद्दल कुणी काही बोललं नाही. सिसिलीची एखादी?

---

तुरट_गोड

सिसिलीत एत्ना. ज्वालामुखीच्या उतारावर, काही बागा हजार मीटरच्या आसपास, काळी लाव्हाची माती. द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे. फिकी, नाजूक, थोडी धुरकट. तुमचं नेब्बियोलोशी जमलं नाही तर हिच्याशी जमेल असं मात्र समजू नका, दोघी एकाच वळणाच्या. दक्षिणेचं ऊन चाखायचं तर पुल्याची प्रिमितिव्हो: जांभळासारखी, गोडसर, मऊ. कॅलिफोर्नियाची झिनफांडेल ती हीच, जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. पहिल्यांदा पिणाऱ्यांना सगळ्यात आधी हीच आवडते. मला नाही आवडत, पण धागा तुमचा आहे.

आणि एक महत्त्वाचं. तुमचं पाच बाटल्यांचं गणित चुकलंय. कस्टम्सची सूट माणशी २ लिटर, आणि ती दोघांची एकत्र करता येत नाही. म्हणजे प्रत्येकी ७५० मिलीच्या दोन. पाचवी कुणाच्याही खात्यात बसत नाही.

---

व्हेरोनाची_वहिनी

बसते की! दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, वर अर्धा लिटर शिल्लक. गोड वाईन ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत मिळते, रेचोतो किंवा पान्तेल्लेरिया बेटाची पास्सितो. माणशी दोन मोठ्या आणि एक छोटी. छोटी मात्र आईंसाठी, पुरणपोळीबरोबर. झोपायची वाट कशाला बघताय त्यांच्या?

---

पडवीतला

यादी पक्की: प्रोसेक्को, बार्बेरा, कियांती क्लासिको, रिपास्सो, आणि छोट्या दोन. लाम्ब्रुस्को आणता येणार नाही, म्हणून काल रात्रीच भज्यांबरोबर करून बघितली. बाटली संपल्यावर फोटो काढायचं लक्षात आलं.

एकच शंका उरली: बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाकल्या तर फुटणार नाहीत ना? आणि पुण्यात पोचल्यावर लगेच उघडू की थांबू?

---

बूच_गेलं_आत

प्रत्येक बाटली मोज्यात, मग जीन्सच्या पायात, मग बॅगेच्या मधोमध. बाहेरून प्लॅस्टिक, नाहीतर साखरपुड्याचा शालू रिपास्सोच्या रंगाचा होईल. पोचल्यावर तीन-चार दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, फ्रिजच्या वर मुळीच नको. लाल असली तरी उघडण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये, पुण्याचं 'रूम टेम्परेचर' इटलीचं नव्हे. आणि बूच काढायचा स्क्रू हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाल्यांनी माझे दोन घेतलेत.