गोदाकाठानं सलग चालता यायला हवं: नांदेडकरांनो, तुमचं काय म्हणणं?

गोदाकाठची_लेक

मागच्या उन्हाळ्यात अडीच महिने लेकीकडं होते, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. बंदराचं शहर. पहिल्याच रविवारी लेक-जावई स्टॅनली पार्कला घेऊन गेले. शहराला चिकटून मोठं जंगलच आहे ते, आणि त्याच्या भोवती समुद्राला लागून दगडी भिंत. भिंतीवरून वाट. तिथले लोक तिला ‘सीवॉल’ म्हणतात. जंगलाला एक फेरा घातला की सुमारे ९ किलोमीटर होतात. माझे गुडघे दुखतात, म्हणून पहिल्या दिवशी दोनच किलोमीटर चालले. परत निघायच्या आठवड्यात अख्खा फेरा केला.

पाण्याच्या कडेनं पायी चालणारे, आतल्या अंगानं सायकली. सायकली सगळ्या एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, आणि वेगाची मर्यादा ताशी १५ किलोमीटर. समोरून कुणी अंगावर येईल ही भीतीच नाही. मागं वळून बघायची सवय मला तीस वर्षांपासून आहे, ती तिथं सुटली होती. नांदेडला उतरल्यावर स्टेशनबाहेरच परत लागली.

ही भिंत एका दमात झालेली नाही. १९१७ मध्ये काम सुरू झालं, कारण ये-जा करणाऱ्या जहाजांच्या लाटांनी काठ ढासळत होता. जेम्स कनिंगहॅम नावाचे गवंडी १९३१ पासून ३२ वर्षं तिथं दगड बसवत होते. जंगलाभोवतीचा फेरा पुरा झाला १९७१ ला. पुढं शहरानं ती वाट खाडीच्या काठाकाठानं वाढवत नेली, आज ती २८ किलोमीटर आहे.

आता आपलं बघा. गोदामाई माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. २००८ ला शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या (गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याच्या) त्रिशताब्दीच्या वेळी घाट बांधले गेले, चांगले बांधले. पण घाटावर उतरायचं, पाया पडायचं आणि परत वर यायचं. घाट संपला की भिंत, मग वेड्या बाभळी, मग नाला. पुढच्या घाटावर जायचं तर परत रस्त्यावर, परत ट्रक आणि ऑटोंच्या मध्ये. गोवर्धन घाट, नगिना घाट, बंदा घाट हे एका वाटेनं जोडले तर? पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना, बाकी कुणालाच नाही. मला हे मनापासून हवंय. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

वजिराबादी

मॅडम, आदर ठेवून सांगतो, माझा विरोध आहे. तुमच्या त्या भिंतीला समुद्राचा वारा लागतो. आपल्या काठाला काय लागतं ते मार्चनंतर नाक दाबून बघा. शहराचे नाले सरळ नदीत उतरायलेत. उन्हाळ्यात पाणी थांबलं की जलपर्णी इतकी की पाणी दिसत नाही. अशा पाण्याच्या कडेनं लोकांना सकाळी खोल श्वास घ्यायला बोलवायचं? आधी नाले अडवा, पाणी शुद्ध करून सोडा. वाट दहा वर्षांनी केली तरी चालेल. पैसा एकच आहे आणि तो दिसणाऱ्या कामावर गेला की न दिसणारं काम राहून जातं. जमिनीखालच्या पाइपाचं कुणी उद्घाटन करत नाही.

पॅडल_परभणी

मी ताईंच्या बाजूनं. रोज पहाटे पाचला सायकल काढतो. मागच्या वर्षी वसमत रोडला मागून पिकअप घासून गेली, हाताला सात टाके. त्या दिवसापासून आई दारात उभी राहते, मी परत येईपर्यंत. हायवेच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर जेवढी जागा असते तेवढीच आमची, आणि तिथं बी खडी सांडलेली. सायकलवाल्याला वेगळी जागा दिली तरच नवीन पोरं सायकलवर येतील. नाले साफ व्हायची वाट बघत बसलो तर आमची पिढी जाईल.

निळी_रेषा

मी स्थापत्य अभियंता, लातूरचा, पण नांदेडला आठ वर्षं काढली. एक तांत्रिक मुद्दा.

समुद्राची भरती किती चढणार हे आधी माहीत असतं. गोदावरीचं तसं नाही. वरून जायकवाडी सोडलं, माजलगावचं आलं, पूर्णेचं आलं, की शहराच्या वरच्या अंगाच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडावेच लागतात आणि ते पाणी थेट शहराच्या उशाशी. सप्टेंबर २०२५ विसरलात का? अख्खा मराठवाडा पाण्यात होता. गोवर्धन घाटाची स्मशानभूमी पाण्याखाली जाते, नावघाट आणि खडकपुऱ्याची माणसं उठवावी लागतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

नदीच्या दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, जागा मोकळी ठेवायची असते. तुम्ही म्हणता ती वाट पूर्ण त्या आतच येणार. तिथं भिंत घालून भराव टाकला की पात्र अरुंद, आणि तेवढंच पाणी पलीकडं कौठ्याच्या बाजूला चढणार. आणि तुमची व्हँकुव्हरची ग्रॅनाइटची भिंतसुद्धा जानेवारी २०२२ च्या वादळात, मोठ्या भरतीच्या वेळी फुटली होती. वाट बंद ठेवून दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडं दुरुस्तीला पैसे कोण ठेवणार?

गोदाकाठची_लेक

@निळी_रेषा, भिंत नकोच. हे मी आधीच लिहायला हवं होतं. मुरमाची, रोलर फिरवलेली वाट. पूर आला की दोन-चार दिवस बुडेल, गाळ बसेल, तो काढायचा. घाटाच्या पायऱ्या दरवर्षी बुडतात, म्हणून कुणी घाट पाडा म्हणत नाही.

निळी_रेषा

मुरूम असेल आणि भराव नसेल तर माझा निम्मा विरोध मागं. निम्माच. मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो, मग कुणीतरी म्हणतं पेव्हर बसवा, मग पेव्हरला आधार म्हणून भिंत येते. नदीकाठच्या कामांत मी हेच होताना बघितलंय.

हिंगोली_ते_वरळी

नोकरीला मुंबईत आहे. कोस्टल रोडच्या कडेचा फिरायचा पट्टा ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीकडं. मी जातो, आवडतं. पण तिथं पोचायला मोठ्या रस्त्याखालच्या भुयारी मार्गातून जावं लागतं. माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना समुद्र खिडकीतून दिसतो, पण ते त्या कडेला एकदाच गेले, पायऱ्यांचा कंटाळा. समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये गाड्या आधी आल्या आणि माणसं नंतर. नांदेडला ही चूक टाळायची संधी आहे, कारण काठानं अजून मोठा रस्ता झालेला नाही. म्हणून वाट आधी करा. उद्या कुणी रिंगरोड काठावरून न्यायचा म्हणाला तर ‘इथं माणसं चालतात’ एवढं तरी सांगता येईल.

नावघाटचा

सगळे शिकलेले लोक बोलायलेत, म्हणून लिहावं का नको असं झालं. आम्ही भोई. आजोबा होडी चालवायचे, वडील मासे धरतात, आई काठावर भाजी लावते गाळात, डिसेंबर ते मे. सुंदर काठ म्हटलं की पहिलं आमचं जाळं दिसतं लोकांना. अहमदाबादला साबरमतीचा काठ सुंदर केला, तिथं काय झालं? काठावरची हजारो कुटुंबं उठवली, वटव्यासारख्या लांबच्या वसाहतीत नेऊन टाकली. आणि त्या नदीत दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं.

पोरगं कॉलेजात आहे, त्यानं त्या स्टॅनली पार्कची माहिती काढून दिली. तिथं आधी तिथल्या मूळ लोकांचं गाव होतं. १८८८ ला पार्कचा रस्ता करताना घरं गेली, आणि त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिंपल्यांचे ढीग उचलून त्याच रस्त्यावर पसरले. पुढं ब्रॉकटन पॉइंटला राहणाऱ्या घरांना कोर्टानं अतिक्रमण ठरवलं. मॅडम, तुम्ही चाललात त्या वाटेखाली हे आहे. आमचं बी असंच व्हायचं का?

गोदाकाठची_लेक

दादा, तुमचं वाचून रात्रभर विचार केला. लेकीला फोन करून विचारलं, तिनं सांगितलं की खरं आहे. त्या टोकाला कोरलेले उंच खांब आहेत, मी त्यांच्यासमोर फोटो काढले. पण त्या जागेवर आधी कुणाची घरं होती आणि ती आता का नाहीत, हे माझ्या मनात आलं नाही. शिक्षिका होते मी, हे मला आधीच विचारायला हवं होतं.

तरी मागणी सोडत नाही, बदलते. होडी उतरायची जागा, जाळी वाळवायची जागा, धोबीघाट, गाळपेऱ्याची जमीन हे आधी नकाशावर मांडायचं आणि वाट त्यांना वळसा घालून न्यायची. जिथं जागाच नाही तिथं वाट वर रस्त्याला लागेल, तेवढा तुकडा तुटेल. मी ‘सलग’ म्हणत होते. माणसं उठवून सलग करायचं असेल तर मला ते सलग नको.

लोखंडी_पूल

संभाजीनगरहून. खाम नदीचं उदाहरण कुणी घेतलं नाही म्हणून. छावणीजवळचा हा काठ काही वर्षांपूर्वी कचऱ्याचा ढीग होता. आधी कचरा उचलला, गाळ काढला, झाडं लावली, आणि त्याबरोबरच लोकांना फिरायला जागा केली. हे काम डब्ल्यूआरआय या संस्थेच्या रॉस सेंटरच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत गेलं. वजिराबादी साहेब, ‘आधी नाला, मग वाट’ असं तिथं झालं नाही. लोक काठावर यायला लागले, नाला त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि तक्रारी वाढल्या. काठावर कुणी जातच नसेल तर नाल्याबद्दल भांडणार कोण?

वजिराबादी

हा मुद्दा मान्य. पण खाम केवढी आणि गोदा केवढी.

दहावी_ब

मी सोळा वर्षांची. कुणी दिव्यांबद्दल बोललंच नाही. आई मला सहानंतर घाटावर जाऊ देत नाही. वाट झाली आणि अंधार राहिला तर ती फक्त काकांसाठी आणि मुलांसाठी होईल. दिवे, बायकांसाठी संडास, आणि दर थोड्या अंतरावर वर रस्त्याला जायला पायऱ्या पाहिजेत, म्हणजे अडकल्यासारखं वाटणार नाही. आणि झाडं. मे महिन्यात सकाळी आठनंतर तिथं उभं राहता येत नाही.

पॅडल_परभणी

बाळा, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. झाडं करंज, जांभूळ, उंबर लावा. शोभेची नकोत.

वजिराबादी

माझं मत अजून तेच, नाले आधी. पण एक सांगतो. मॅडम, तुम्ही निवेदन देणार असाल तर त्यात दोन्ही मागण्या एकत्र लिहा: जेवढ्या लांबीची वाट, तेवढ्या लांबीतला प्रत्येक नाला त्याच निविदेत अडवायचा. नाला उघडा ठेवून वाटेचं बिल निघता कामा नये. असं असेल तर माझी सही घ्या.

नावघाटचा

नकाशा करायला कोण येणार ते सांगा. कागदावर आमचा उतार कुठं दाखवता ते मी शेजारी उभा राहून बघणार. वडील सकाळी नऊपर्यंत पाण्यात असतात, त्याच्यानंतर या.

गोदाकाठची_लेक

नऊनंतर येते. निळी_रेषा, तुम्ही लातूरहून आलात तर पूररेषेच्या खुणा तुम्हीच दाखवा.