बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या सुरक्षित कशा कराव्यात?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गोव्यात मांद्र्याला आमच्या घराचं मागचं दार बाहेर उघडतं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेरून दिसतात. खालून खिळा लावून ठोकलं की पिन सरकन वर येते, करून बघितलं. मग आतून कडी-कुलूप कितीही भक्कम असून काय उपयोग? घर बरेच महिने बंद असतं, म्हणून खरी काळजी.

दार आत उघडेल असं करता येत नाही, ओटा आड येतो. सुतार म्हणतो पिना वेल्ड करा. पण पावसात दार फुगलं की रंधा मारायला ते काढणार कसं?

एका पात्याला खुंटी आणि दुसऱ्याला भोक असलेली बिजागरी मिळते असं कळलं. दार बंद असताना खुंटी भोकात बसते, पिन काढली तरी दार हलत नाही. म्हापशात विचारलं, साध्याच दाखवल्या. समुद्र जवळ, त्यामुळे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच हवं. दार सागवानी, ३५ मिमी जाड, चौकटही लाकडी, बिजागऱ्या ४ इंची.

अशा बिजागऱ्या गोव्यात कुठे मिळतील? की जुन्याच ठेवून दाराच्या बिजागऱ्यांकडच्या कडेला स्टीलचे दोन खुंट बसवून चौकटीत भोकं पाडली तर पुरेल, आणि लाकूड फुगतं हे धरून भोक किती सैल ठेवावं?