मदत हवी आहे: आईच्या पंचकर्माचा क्लेम नाकारलाय

नमस्कार मंडळी. आई 72 वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत. मधुमेह असल्याने शस्त्रक्रियेची तिला भीती वाटते, म्हणून वैद्यांच्या सल्ल्याने आयुर्वेद रुग्णालयात दाखल केलं. जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट औषधी तेल धरून ठेवणं), बस्ती (औषधी एनिमा) झाल्या. आता कठडा न धरता जिना उतरते.

विमा कंपनीने मात्र क्लेम फेटाळला. कारण दिलंय, ‘हे उपचार ओपीडीत होऊ शकले असते’. अहो, बस्तीनंतर तिला पडून राहावं लागायचं, साखर सतत तपासावी लागायची. या वयात रोज रिक्षाने ये-जा कशी जमणार?

इर्डाच्या (विमा नियामक संस्थेच्या) जानेवारी 2024 च्या परिपत्रकानुसार 1 एप्रिल 2024 पासून आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) उपचारांना अ‍ॅलोपॅथीच्या बरोबरीने वागवायचं आहे. पॉलिसीतही आयुषचे आंतररुग्ण (दाखल होऊन घेतलेले) उपचार आहेत. स्पा, कायाकल्प वगळलेत ते योग्यच, पण हा आजारावरचा उपचार होता! डिस्चार्ज कार्ड, इनडोअर केसपेपर, औषधांची पक्की बिलं सगळं आहे.

आता कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लिहितोय, नाही ऐकलं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. असा क्लेम कुणी मिळवलाय का? दाखल करणं का गरजेचं होतं, हे वैद्यांकडून कसं लिहून घ्यावं? पत्राचा नमुना असल्यास कृपया द्या.