हायब्रिड अँप: ट्यूबचा गोडवा की नुसता उजेड?

धागाकर्ता:
जुना अँप (अँप्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) गेला, नवीन घ्यायचाय. पूर्ण ट्यूबवाला, म्हणजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, दोन-तीनदा ऐकलाय, गाणारा समोर येऊन बसल्यासारखा वाटतो, तो आवाज डोक्यातून जातच नाही. पण माझे स्पीकर ४ ओहमचे, १ वॅटला ८६ डेसिबल देणारे, छोट्या ट्यूब अँपच्या आठ-दहा वॅटात त्यांचं भागणार नाही. म्हणून हायब्रिड घ्यावा असं माझं मत, पुढे प्रीअँपला (नाजूक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) ट्यूब आणि मागे ताकदीला ट्रान्झिस्टर. कोणाचा विरोध असेल तर कारण सांगा.

सोल्डरवाला:
माझा आहे. तुम्ही ज्याला ट्यूबचा आवाज म्हणताय तो बराचसा मागच्या बाजूला तयार होतो, पॉवर ट्यूब आणि तिला स्पीकरशी जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. तिथला आउटपुट इम्पिडन्स (विजेच्या सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) जास्त असतो, आणि स्पीकरचा इम्पिडन्स काही एक ठिकाणी थांबत नाही, ८ ओहम लिहिलेला कुठे ४ वर येतो तर बेसमध्ये कुठे ३० वर जातो, मग जिथे तो चढतो तिथे आवाज थोडा फुगतो. ट्यूबची ऊब म्हणतात ती हीच. हायब्रिडमध्ये नेमका हाच भाग काढून टाकलेला असतो, मग राहिलं काय?

कानसेन:
राहिलं ते थोडं नाही हो. ट्यूब जी भर घालते ती मुख्यतः सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांची, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. सा ला सा च मिळतो, कानाला खुपत नाही. माझ्याकडे ईसीसी८८ ट्यूबवाला हायब्रिड आहे, सहा वर्षं रोज वाजतोय, आवाजाला गोलाई आहे आणि बेसही सैल पडत नाही. आणि वॅटचं गणित बघा ना, १० वॅटला ९६ डेसिबल, १०० ला १०६. तबल्याची थाप सरासरी आवाजापेक्षा १० डेसिबल वर उसळली तर दहापट ताकद लागते, ती छोट्या ट्यूब अँपने आणायची कुठून?

सोल्डरवाला:
ताकदीचं मान्य. पण सगळे हायब्रिड तुमच्यासारखे नसतात. एकदा दुरुस्तीला आलेला एक उघडला, ट्यूब सॉकेटमधून उपसून हातात घेतली तरी खालचा नारिंगी उजेड तसाच, एलईडी लावलेला! मीटर लावला तर ट्यूबच्या प्लेटवर (जिथे तिला कामाचा वीजदाब मिळतो) २४ व्होल्ट. त्यातली ट्यूब ईसीसी८३, तिच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) १०० आणि २५० व्होल्टचे आकडे दिलेत, २४ वर ती ट्यूब काय जीव लावणार, सगळं काम शेजारचा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) करत होता. अशा वस्तूला हायब्रिड म्हणून विकणं मला फसवणूकच वाटते.

कानसेन:
इथे शंभर टक्के सहमत. घ्यायच्या आधी प्लेट व्होल्टेज विचाराच, आणि आवाज वाढवून ट्यूबच्या काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा, स्पीकरमधून टण् असं मोठ्याने आलं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे आवाजात उतरवणारी, बदलून मागा. प्रीअँपची ट्यूब हजारो तास टिकते, तो खर्च डोक्यात धरू नका.

सोल्डरवाला:
तरी माझं म्हणणं तेच, चांगला साधा ट्रान्झिस्टर अँप घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला, खरा फरक तिथे पडतो.

धागाकर्ता:
स्पीकर मी बदलणार नाही, फार जीव आहे त्यांच्यावर. प्लेटला शंभरच्या वर व्होल्ट असतील तर हायब्रिड, नाहीतर सरळ ट्रान्झिस्टर. उद्याच विचारतो.