बिग फाइव्ह प्रश्नावलीच्या मराठी अनुवादात ‘नाही’चा घोळ : मदत हवी आहे

मंडळी, मानसशास्त्रज्ञ गोल्डबर्ग यांच्या ५० विधानांच्या बिग फाइव्ह (स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजणाऱ्या) प्रश्नावलीचा मराठी अनुवाद चालू आहे. पाच स्वभावगुण, प्रत्येकी १० विधानं, उत्तर १ (अजिबात लागू नाही) ते ५ (पूर्ण लागू). बहिर्मुखतेची ५ विधानं उलटी आहेत (होकार म्हणजे बहिर्मुखता कमी), त्यांच्या उत्तराचा आकडा ६ मधून वजा करायचा. इथवर ठीक.

अडकलंय ते ‘मी फारसं बोलत नाही’पाशी. हे वाचून दाखवलं की अबोल माणूस म्हणतो, ‘नाही, नाही बोलत.’ म्हणजे तो सहमत आहे! पण टिपणारा ‘नाही’ ऐकून १ लिहितो, उलटवल्यावर त्याचे ५ होतात आणि अबोल माणूस बहिर्मुख ठरतो. असे थोडे जरी शिरले तरी क्रॉनबाखचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) घसरतो.

‘माझं बोलणं कमी असतं’ केलं तर घोळ टळतो, ‘मी कमी बोलतो’ की ‘बोलते’ हा प्रश्नही येत नाही. पण आपल्याकडे मितभाषी असणं कौतुकाचं, त्यामुळे लोक उगाच होकार देतील अशी भीती वाटते. उलटी विधानं काढूनच टाकली, तर सगळ्याला ‘हो’ म्हणणारे ओळखायचे कसे?

तोंडी मुलाखतीत कुणी हे हाताळलंय का? ‘हे तुम्हाला किती लागू पडतं?’ असं विचारून पाच चौकटींच्या पट्टीवर बोट ठेवायला सांगणं ग्रामीण भागात जमतं का? शब्दरचना सुचवा, प्लीज.