दालमिलमध्ये गड्यांना ५००, बायांना ३५० रोज: दावा कोणत्या कायद्याने आणि कसा?

तापीकाठ_संघटक

राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका दालमिलच्या पॅकिंग खात्याबद्दल विचारतोय. तिथे ६ गडी आणि ८ बाया एकाच काट्यावर काम करतात. ३० किलोचा कट्टा भरायचा, वजन करायचं, शिलाई मशीनवर तोंड शिवायचं, शिक्का मारायचा. वेळ तीच, ८ तास. गड्यांना ५०० रोज, बायांना ३५०.

मालकाचं म्हणणं तीन प्रकारचं आहे. गडी भरलेले कट्टे थप्पीवर लावतात. मस्टरवर गडी 'ऑपरेटर' आणि बाया 'हेल्पर' आहेत. आणि बाया ठेकेदाराच्या आहेत, आमच्या नाहीत.

१९७६चा समान वेतन कायदा अजून चालतो का? अर्ज कुठे द्यायचा, मागचा किती काळ धरायचा, आणि कागद कोणते लागतील?

धुळे_कामगारवकील

भाऊ, १९७६चा समान मोबदला कायदा आता रद्द झालाय. वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान मोबदला हे चारही जुने कायदे तिच्यात सामावले. तुमचा मुद्दा कलम ३ मध्ये बसतो: एकाच मालकाच्या आस्थापनेत सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेतनात भेद करायचा नाही. भरती करतानाही करायचा नाही.

मात्र रद्द झाला म्हणून जुना काळ बुडाला असं समजू नका. संहितेच्या शेवटच्या कलमात जुन्या कायद्याखाली तयार झालेले हक्क राखून ठेवलेत. अर्जात दोन्ही काळ वेगळे मांडा, २० नोव्हेंबर २०२५ पर्यंतचा जुन्या कायद्याखाली आणि पुढचा संहितेखाली. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो आणि दोन-तीन तारखा नुसत्या त्यातच जातात.

आता थप्पीचा मुद्दा, कारण खरी लढाई तिथेच आहे. 'सारख्या स्वरूपाचं काम' म्हणजे काय ते संहितेनेच सांगितलंय. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी सारख्या हव्यात, कामाची परिस्थिती सारखी हवी, आणि फरक असलाच तर व्यवहारात महत्त्व नसण्याइतका हवा. म्हणून थप्पी लावतात का, एवढं विचारून भागत नाही. दिवसातून किती वेळ लावतात, तेही विचारावं लागतं. गडी ८ तासांपैकी अर्धा तास थप्पी लावत असतील आणि साडेसात तास बायांच्या शेजारी कट्टेच शिवत असतील, तर १५० रुपयांचा फरक त्या अर्ध्या तासाने टिकत नाही. उलट एखादा गडी दिवसभर हमालीच करत असेल, तर त्याची तुलनाच करू नका. तो वेगळ्या कामाचा माणूस आहे आणि त्याला यादीत घेतलंत तर बाकीच्या पाचांची तुलनाही कमजोर होते.

किमान १५ दिवसांची कामनिहाय नोंद ठेवा. तारीख, माणसाचं नाव, काम, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ. त्या त्या दिवशी लिहिलेली वही हवी. नंतर एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही उलटतपासणीत लगेच उघडी पडते.

रावेर_हिशोबनीस

वरच्या उत्तरात वेतनाच्या व्याख्येचा मुद्दा राहिला. एरवी वाहतूक भत्ता, घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम संहितेच्या 'वेतना'तून वगळलेले असतात. पण समान वेतनाची तुलना करताना हे तिन्ही धरायचे, असं व्याख्येच्याच परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) लिहिलंय. म्हणजे रोज दोघांचा सारखा दाखवायचा आणि गड्यांना वर 'पेट्रोल' म्हणून पैसे द्यायचे, ही वाट बंद आहे. पगारपत्रकातला प्रत्येक रकाना तपासा, नुसता मूळ रोज बघून थांबू नका.

हिशोब असा मांडा: फरक रोजचा १५० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,९००, आणि ३६ महिन्यांचे दर बाईमागे १,४०,४००. आठ जणींचे ११,२३,२००. २६ दिवस मात्र सरसकट धरू नका. हजेरीप्रमाणे खाडे वजा करा. एका बाईचे दिवस जरी फुगलेले निघाले तरी बाकी सातजणींच्या हिशोबावर शंका येते.

रोख वाटप असेल तर पुरावा कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात कोणत्या वेतनावर वर्गणी भरली ते दिसतं. ते प्रत्येकीने आपापल्या यूएएनवरून (निधीच्या खाते क्रमांकावरून) काढायचं. फोनवरून पैसे आले असतील तर त्याच्या नोंदी, बँकेचं पासबुक, मुकादमाने दिलेल्या चिठ्ठ्या. वेतन चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे. ती मिळत नसेल तर आधी लेखी मागा आणि मागणीची पोच ठेवा. सगळा कागद हाती नाही म्हणून अडून राहू नका. वेतन कमी दिल्याचा दावा दाखल झाला की देणं चुकतं केलंय हे मालकाने सिद्ध करायचं असतं. काम सारखं आहे हे दाखवायची तयारी मात्र तुमचीच हवी.

शहादा_ताई

'ऑपरेटर' आणि 'हेल्पर' हा फरक नुसता शब्दांचा असेल तर त्याला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा या निकालात स्त्री लघुलेखकांच्या बाबतीत हे स्पष्ट केलंय. काम प्रत्यक्षात काय होतं ते बघायचं. युनियनशी करार झालाय किंवा कंपनीची ऐपत नाही, ही सबब तिथे चालली नाही. तुमच्या मिलमध्ये जुना करार असेल तर हा निकाल अर्जासोबत जरूर जोडा.

ठेकेदाराचा मुद्दा खरोखर अवघड आहे, त्याला हलकं घेऊ नका. तुलना 'एकाच मालका'च्या कामगारांत करायची असते. बाया कागदावर ठेकेदाराच्या आणि गडी मिलचे असतील, तर समोरचा म्हणेल की मालकच दोन आहेत. म्हणून रजा कोण देतं, काम कोण सांगतं, हजेरी कोणाच्या वहीत, निधीची वर्गणी कोणाच्या कोडवर, या चार गोष्टींचा पुरावा आधी गोळा करा. ठेकेदाराने पैसे थकवले तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते, हे कलम ४३ मध्ये आहे. अर्जात दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी. नंदुरबारला मिरचीचे देठ खुडायला किंवा इकडे कापूस वेचायला किलोवर फक्त बायाच असतात. तिथे तुलनेला गडीच नाही, त्यामुळे समान वेतनाचं कलम लागू पडत नाही. त्या ठिकाणी किमान वेतनाचा दावा करायचा. किलोचा किमान दर ठरलेला नसेल आणि रोजाचा ठरलेला असेल, तर किलोवर काम करूनही दिवसाला तो रोज पडलाच पाहिजे.

तापीकाठ_संघटक

फार नेमकं सांगितलंत ताई, आणि वकीलसाहेबांचेही आभार. हजेरी मिलच्याच वहीत आहे, काम मिलचाच सुपरवायझर सांगतो. आता दोनच शंका. आठ जणींचे आठ अर्ज करायचे का? आणि मालक 'मग गड्यांचाच रोज ३५० करतो' म्हणाला तर? गडी त्याच भीतीने साक्ष द्यायला मागे सरतायत.

धुळे_कामगारवकील

एकच अर्ज चालतो भो. एका आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी कलम ४५ खाली एकत्र अर्ज करता येतो. कामगार स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक, कोणीही देऊ शकतो. युनियनकडून द्या, म्हणजे एकट्या बाईला घरी बसवायचा दबाव कमी होतो. अर्ज करायची मुदत ३ वर्षांची आहे, म्हणूनच वरच्या हिशोबात ३६ महिने आले. अधिकारी रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. अर्ज ३ महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कलमात आहे. पैसे भरले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील.

काम सारखं आहे की नाही हाच वाद असेल तर तो ठरवायला कलम ४ प्रमाणे शासनाने नेमलेला अधिकारी असतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन दाव्याचा अर्ज घ्यायला आणि हा वाद ठरवायला सध्या कोण अधिसूचित आहे ते लेखी विचारा. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि त्या काळात मुदत सरकत जाते.

शिक्षेच्या बाबतीत नवी संहिता मला सौम्य वाटते, हे मी उघड सांगतो. वेतन कमी दिल्यास पहिल्यांदा फक्त दंड, ५० हजारांपर्यंत. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला कैदेची तरतूद होती. म्हणून खटल्यापेक्षा भरपाईच्या दाव्यावर जोर द्या. मालकाला तिथे जास्त मोजावं लागतं आणि पैसा बायांच्या हातात येतो.

गड्यांचा रोज उतरवता येत नाही. बरोबरी करण्यासाठी कोणाचंही वेतन कमी करायचं नाही, हे कलम ३ मध्येच लिहिलंय, जुन्या कायद्यातही होतं. त्या कलमाची मराठीत एक प्रत काढा आणि अर्ज देण्याआधी त्या सहा गड्यांना बसवून वाचून दाखवा.