चालत्या गाडीत रेडिओ कुणाच्या हातात? कॅलिफोर्निया क्यूएसओ पार्टीच्या निमित्ताने

घाटमाथा_हॅम
ऑक्टोबरचा पहिला पूर्ण वीकेंड, म्हणजे आपली कॅलिफोर्निया क्यूएसओ पार्टी, जवळ आली: हौशी रेडिओवाल्यांची (हॅमची) जास्तीत जास्त क्यूएसओ, म्हणजे रेडिओ संपर्क, करायची स्पर्धा. शनिवारी सकाळी नऊ ते रविवारी दुपारी तीन, सलग ३० तास. आपल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या बऱ्याच जणांनी मोबाइल, म्हणजे गाडीतून रेडिओ चालवत, जायचं ठरवलंय, म्हणून आधीच बोलून टाकतो: स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याने माइक, पॅडल (मोर्स पाठवायची कळ), लॅपटॉप कशालाही हात लावायचा नाही. बाजूच्या सीटवरचा ऑपरेटर, चालवणारा ड्रायव्हर. जोडीदार मिळत नसेल तर गाडी कडेला घ्या, थांबून बोला.

नुसत्या अपघाताच्या भीतीने हे म्हणत नाही. ४० मीटर बँडचा (लहरींची लांबी सुमारे ४० मीटर) पाव तरंगलांबीचा अँटेना दहा मीटर लांब लागतो, आपण गाडीवर लावतो अडीच मीटरची काठी. शंभर वॅटमधले बहुतेक काठीची कमी लांबी भरून काढणाऱ्या कॉइलमध्ये आणि गाडीखालच्या जमिनीतच जिरतात. वर इंजिनाचा खरखराट. समोरच्याने सांगितलेला सीरियल नंबर (त्याचा कितवा संपर्क) पकडायला दोन्ही कान आणि सगळं डोकं लागतं, आणि तेच डोकं तुम्ही घाटाच्या वळणावरही वापरणार?

पॅडलकाका
अहो, हे घाबरट नियम मोर्सवाल्यांना लावू नका. मी वर्षानुवर्षं चालवता चालवता सीडब्ल्यू (मोर्स) करतोय. पॅडल मांडीला पट्ट्याने बांधलेलं, कॉपी (ऐकलेला मोर्स) डोक्यात, कागद नाही, पडदा नाही. सगळं रेकॉर्ड होतं, लॉग (संपर्कांची नोंद) घरी येऊन भरायचा. शेजारी गप्पा मारणारा माणूस यापेक्षा जास्त लक्ष विचलित करतो. शिवाय प्रत्येक संपर्काला सीडब्ल्यूत ३ गुण, फोनवर (आवाजात) २. आणि एकट्याने जाण्यात जी मजा आहे ती जोडीत नाही, हेही सांगून टाकतो.

घाटमाथा_हॅम
काका, तुमचा हात बसलाय, मान्य. पण तुमचं ऐकून यंदा पहिल्यांदा निघणारा पोरगा महामार्ग ३९५ वर तेच करणार. आणि ब्रिजपोर्टच्या पुढे मोनिटर पासला वळलात की रस्ता आठ हजार फुटांवर चढतो. तिथे रात्री काय डोक्यात कॉपी करणार?

नियमावली
सुरक्षिततेचं तुमचं तुम्ही बघा, माझा प्रश्न स्पर्धेतल्या कॅटेगरीचा: सिंगल (एकच ऑपरेटर) की मल्टी (एकापेक्षा जास्त). एआरआरएलची (अमेरिकेची राष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना) सिंगल ऑपरेटरची व्याख्या वाचा: पाठवणं, ऐकणं, स्पॉट (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे) शोधणं, लॉग लिहिणं, इतकंच काय, यंत्र आणि अँटेना जुळवणंसुद्धा एकाच माणसाने करायचं. ही स्पर्धा एआरआरएलची नाही, नॉर्दर्न कॅलिफोर्निया कॉन्टेस्ट क्लबची आहे, पण तत्त्व तेच. म्हणजे काका चालवत पॅडल मारतात आणि पुतण्या शेजारी लॉग टाइप करतो, हे मल्टी झालं. थांब्यावर पुतण्याने उतरून अँटेनाच्या कॉइलचा टॅप (जोड) बदलला, तरी माझ्या लेखी मल्टीच.
लोक तरी सिंगल का लावतात? इथे सिंगलला ३० पैकी २४ तासच स्टेशन चालवता येतं. तो तोटा पत्करतात, कारण मल्टीत मोठ्या क्लब स्टेशनांशी गाठ पडेल असं वाटतं. एआरआरएलच्या व्हीएचएफ (आणखी वरच्या फ्रिक्वेन्सीच्या) स्पर्धांत रोव्हरला (जागा बदलत फिरणाऱ्या स्टेशनला) दोन ऑपरेटर चालतात, तिथे हा वाद निघतच नाही.

पॅडलकाका
पुतण्या नाही हो माझ्याकडे. एकटाच असतो. रेकॉर्डर माणूस धरायचा का?

स्टिअरिंगवाली
एवढ्या पुरुषांनी मिळून ड्रायव्हरवर चर्चा केली, ड्रायव्हरला कुणी विचारलंच नाही, म्हणून लिहितेय. 🙂
आमच्या घरी गाडी मी चालवते, नवरा बोलतो. काउंटीची (जिल्ह्याची) हद्द कुठे येते, पेट्रोल कुठे भरायचं, रेंज जाण्याआधी नकाशा उतरवून ठेवायचा, सगळं माझ्याकडे. अल्पाइन काउंटीत २०२० च्या जनगणनेत १,२०४ माणसं होती. तिथे घरून बोलणारा हॅम कितीसा सापडणार? बाहेरच्या राज्यातल्यांना ५८ च्या ५८ काउंट्या हव्या असतात, त्यामुळे आम्ही अल्पाइनमधल्या मार्कलीव्हिलला पोचलो की पाइलअप (एकदम हाका मारणाऱ्यांची गर्दी) लागतो. आपल्या गुणकात (गुणांच्या बेरजेला ज्याने गुणतात तो आकडा) मात्र त्याने काडीची भर पडत नाही, आपले गुणक म्हणजे अमेरिकेची राज्यं आणि कॅनडाचे प्रांत. फायदा एवढाच की काउंटी बदलली की त्याच लोकांशी पुन्हा बोलता येतं. ही सगळी आखणी चालवणाऱ्याची. तरी लॉगमध्ये माझं नाव कुठेच नाही.
म्हणून 'ड्रायव्हरने फक्त चालवायचं' हे मला अर्धंच पटतं. चालवताना नाही, ठीक. पण अदलाबदल का नको?

घाटमाथा_हॅम
ताई, अदलाबदल तर हवीच! मल्टी लावा आणि दर दोन तासांनी जागा बदला. ड्रायव्हरलाही विश्रांती.

नियमावली
ताई, लायसन्स कोणतं आहे तुमचं?

स्टिअरिंगवाली
टेक्निशियन, सुरुवातीचं.

नियमावली
मग अडचण आहे. २० मीटरवर फोन टेक्निशियनला नाही. तुम्ही माइकवर बोलू शकता, पण कंट्रोल ऑपरेटर (प्रसारणाची जबाबदारी असलेला परवानाधारक) तुमचे यजमान, आणि त्यांचं लक्ष रेडिओवर हवं. ते त्याच वेळी गाडी चालवत असतील तर लक्ष कुठे आहे म्हणायचं? गाडी उभी असताना काही प्रश्न नाही.

घाटमाथा_हॅम
बघा, फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो. चालवणारा रेडिओ सांभाळतोय हे कागदावरसुद्धा धड बसत नाही.

पॅडलकाका
तो मुद्दा ताईंच्या लायसन्सचा आहे, माझा नाही. माझ्याकडे एक्स्ट्रा, सगळ्यात वरचं लायसन्स, आहे आणि कंट्रोल ऑपरेटर मीच.

स्टिअरिंगवाली
जनरलची (टेक्निशियनच्या वरच्या लायसन्सची) परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर लागतात. पुस्तक आणलंय. यंदा महामार्ग ८८ ला कर्कवुडजवळ काउंटीच्या हद्दीवर गाडी उभी करून माइक मी घेणार, नवरा शेजारी बसून कंट्रोल करेल आणि डबा उघडेल. पुढच्या वर्षी चालवायचं त्याने.

पॅडलकाका
उत्तम. २० मीटरवर हाक मारा, मी उत्तर देईन. हो, चालवतच.